रोम ते रामभूमी

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडेन’ ही जर्मन युद्धनौका मद्रासच्या किनाऱ्याजवळ आली आणि तिने बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर शंभराहून जास्त तोफगोळे टाकले. टाक्या पेटल्या, आणि पुढचे कित्येक दिवस मद्रासकर गाठोडी बांधून शहर सोडत राहिले. त्या नौकेवरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता हेलमुट फॉन म्यूके. नोव्हेंबरात कोकोस बेटांवरचं तारायंत्राचं ठाणं मोडायला तो पन्नासेक माणसं घेऊन उतरला, आणि नेमकी तेव्हाच ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियाची युद्धनौका चालून आली. एमडेन निकामी झाली. म्यूके बेटावर अडकला. त्याने तिथली ‘आयेशा’ नावाची जुनी शिडाची नौका ताब्यात घेतली आणि सुमात्रा, येमेन, अरबस्तानचं वाळवंट, हेजाझ रेल्वे असा फेरा मारत १९१५ च्या मे महिन्यात आपली माणसं इस्तंबूलला पोचवली. या प्रवासावरची त्याची पुस्तकं जर्मनीत घरोघरी गेली.

हाच म्यूके १९२६ मध्ये सॅक्सनीच्या विधिमंडळात नाझी पक्षाच्या बाकावर बसला.

जर्मन नौदलाचे अधिकारी त्या काळात उजव्या टोकाच्या राजकारणात इतक्या मोठ्या संख्येने का शिरले, हे समजायला तीन तारखा पुरतात. नोव्हेंबर १९१८ मध्ये कील बंदरातल्या खलाशांनी बंड केलं आणि त्या बंडातून कैसरची गादी गेली. २१ जून १९१९ ला स्कापा फ्लोच्या खाडीत इंग्रजांच्या पहाऱ्यात अडकलेलं आरमार जर्मनांनी आपल्याच हातांनी बुडवलं. त्याच महिन्याच्या अखेरीस व्हर्सायचा तह झाला आणि नौदलाची मर्यादा १५,००० माणसांवर आली. अधिकाऱ्याकडे जहाज उरलं नाही, हुद्दा उरला नाही, आणि वर आपल्याच खलाशांनी मान खाली घालायला लावल्याची सल. अशा माणसांना हेरमान एअरहार्ट या कप्तानाने आपल्या ब्रिगेडमध्ये ओढलं. मार्च १९२० मध्ये ही ब्रिगेड शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवून बर्लिनमध्ये घुसली, तेव्हा हिटलरचं नाव म्यूनिकबाहेर फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं.

टॉर्पेडो बोटीवरचा मानफ्रेड फॉन किलिंगर त्यातलाच. युद्धबंदीच्या करारावर सही करणाऱ्या माथियास एर्झबर्गरचा ऑगस्ट १९२१ मध्ये खून झाला. मारेकरी दोघेही एअरहार्टच्या ब्रिगेडमधले माजी अधिकारी होते, आणि त्यांना मदत केल्याच्या आरोपातून किलिंगर सुटला. १९३३ मध्ये तो सॅक्सनीचा मुख्यमंत्री झाला, पुढे रुमानियात हिटलरचा राजदूत. सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा बुखारेस्टमध्ये आल्यावर त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. म्यूकेची वाट निराळी झाली. हिटलरशी बिनसल्यावर १९२९ मध्ये तो पक्षातून बाहेर पडला, शांततावादाकडे वळला, नाझींच्या राज्यात त्याच्या लिखाणावर बंदी आली, तुरुंगही भोगावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला पुन्हा शस्त्रसज्ज करायला त्याने विरोध केला आणि १९५७ मध्ये तो वारला. दोघांचा गणवेश एक, अपमान एक, पक्षही काही काळ एकच. तेव्हा गणवेश चढवला की माणूस अमुक दिशेलाच जातो, असा नियम काही यातून निघत नाही. ज्याच्यासाठी कवायत करायची, त्याला प्रश्न विचारण्याची मुभा आपण स्वतःला ठेवली आहे की नाही, यावर दोघांचे रस्ते वेगळे झाले.

नाशिकच्या वाचकाने या दर्यावर्दी माणसांची उठाठेव का करावी? कारण याच काळात, गणवेशाच्या याच ओढीपायी, नागपूरचा एक नेत्रवैद्य मुसोलिनीच्या दालनात जाऊन बसला होता, आणि त्या भेटीचा एक धागा नाशिकमधल्या रामभूमीपर्यंत येतो. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्याविषयी आजवर भरपूर बोललं गेलं आहे. त्यातलं बरंचसं एक तर पालखीत बसवणारं, नाही तर पिंजऱ्यात उभं करणारं.

मुंजे १८७२ मध्ये बिलासपूरला जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि बोअर युद्ध पेटल्यावर वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला गेले. त्याच युद्धात मोहनदास गांधी नावाचे एक बॅरिस्टर जखमी सैनिकांच्या डोल्या वाहत होते. एकाच रणांगणाच्या शुश्रूषेच्या बाजूला दोन हिंदी माणसं होती, आणि परतताना दोघांनी अगदी उलटे निष्कर्ष बरोबर आणले. मुंजे नागपुरात डोळ्यांचे नामांकित शल्यवैद्य झाले, ‘नेत्रचिकित्सा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, टिळकांच्या गोटात वावरले. ब्राह्मण असून मांसाहाराचा आणि शिकारीचा जाहीर पुरस्कार करत. १९२० मध्ये टिळक गेल्यावर नागपूर काँग्रेसचं अध्यक्षपद घ्यावं म्हणून अरविंद घोषांना गळ घालायला ते पाँडिचेरीला गेले. बरोबर होते त्यांचे शिष्य डॉ. केशव बळिराम हेडगेवार. अरविंदबाबूंनी नकार दिला. १९२७ पासून दहा वर्षं मुंजे हिंदू महासभेचे अध्यक्ष होते.

म्यूके-किलिंगर यांच्याकडे एक आरमार होतं आणि ते गेलं. मुंजे यांच्याकडे गमावण्यासारखं सैन्यच नव्हतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या घरातली बंदूक परवान्याखाली आली, गोऱ्याच्या घरातली मात्र नाही. १८५७ नंतर आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्सच्या अमदानीत ‘लढाऊ जाती’चं शास्त्र रचलं गेलं. कोण शूर आणि कोण भित्रा, हे सरकारी वहीत लिहून टाकण्यात आलं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबली. ज्या समाजाने ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत पिढ्यानपिढ्या नोकरी केली, त्याच्या पेन्शनरांवर अर्ज करत बसण्याची पाळी आली. सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या त्या १९१८ मध्ये, आणि त्याही वर्षाला दहा. तीस कोटींच्या देशाला दहा. आपल्या देशाच्या सैन्यात आपल्या मुलांनी अधिकारी व्हावं, ही मुंजे यांची मागणी फॅसिझमच्या पेटीतून निघालेली नव्हती. मोतीलाल नेहरू आणि जिना यांनी १९२५ नंतर स्कीन समितीत बसून हाच प्रश्न धसाला लावायचा प्रयत्न केला होता. मुंजे यांच्यावर टीका करणारे पुष्कळदा ही पार्श्वभूमी गाळतात आणि आपलीच बाजू कमकुवत करतात.

पहिली गोलमेज परिषद आटोपून मुंजे लंडनहून निघाले, युरोपातल्या लष्करी शाळा पाहत फिरले आणि १९३१ च्या मार्चमध्ये रोमला पोचले. १९ मार्चचा दिवस त्यांच्या डायरीत सविस्तर उतरला आहे. दिवसा त्यांनी लष्करी महाविद्यालय, शारीरिक शिक्षणाची केंद्रीय लष्करी शाळा, फॅसिस्ट शारीरिक शिक्षण अकादमी आणि मुख्य म्हणजे बालिल्ला संघटना पाहिली. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या संघटनेत आठ ते अठरा वर्षांच्या मुलांना गणवेश, कवायत आणि मुसोलिनीनिष्ठा अशी तिन्हींची दीक्षा एकदम मिळे. १७४६ मध्ये जेनोआत ऑस्ट्रियन शिपायांवर दगड भिरकावणाऱ्या पोराच्या टोपणनावावरून तिचं नाव पडलं होतं. परकी शिपायावर दगड मारणारा मुलगा! गुलाम देशातून आलेल्या पाहुण्याचं मन तिथे गुंतलं नसतं तरच नवल.

संध्याकाळी साडेसहाला पालाझ्झो व्हेनेत्झियात मुसोलिनीची भेट झाली. डायरीतलं वर्णन एका डॉक्टरच्या नजरेचं आहे: रुंद चेहरा, दुहेरी हनुवटी, भरदार छाती. दालनाचा साधेपणाही त्यांनी टिपला आहे. मुसोलिनीने विद्यापीठ पाहिलंत का, असं विचारलं. मुंजे यांनी सांगितलं की आपल्याला रस आहे तो मुलांच्या लष्करी शिक्षणात, आणि इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीतल्या शाळा पाहून आपण इथे आलो आहोत. बालिल्लाबद्दल मत विचारल्यावर, वाढू पाहणाऱ्या प्रत्येक राष्ट्राला अशा संघटनांची गरज आहे, असं ते म्हणाले. मुसोलिनीने गांधींची चौकशी केली, गोलमेज परिषदेतून काही निघेल का, हेही विचारलं. यजमान खूश झाला, पाहुणाही खूश झाला.

मुसोलिनीला भेटलेले हिंदी पुढारी मुंजे यांच्याखेरीजही होते, हे खरंच आहे. रवींद्रनाथ १९२६ मध्ये इटलीत सरकारी पाहुणचार घेऊन आले आणि काही आठवड्यांतच त्यांनी फॅसिझमवर जाहीर टीका केली. गांधी त्याच १९३१ च्या डिसेंबरात मुसोलिनीला भेटले, आणि रोमँ रोलाँ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याच्या काही सुधारणांबद्दल बरे शब्दही लिहिले. सुभाषबाबूंनी त्याला आपलं पुस्तक भेट दिलं. नेहरूंना मात्र १९३६ च्या मार्चमध्ये, पत्नी कमला वारल्यानंतर मायदेशी परतताना, रोममध्ये भेटीसाठी फार आग्रह झाला आणि त्यांनी तो ठाम नाकारला. पण ही यादी वाचून मुंजे यांना मोकळं सोडणं बरोबर नाही. बाकीचे मुसोलिनी नावाच्या माणसाला भेटले. मुंजे मुलं घडवण्याची यंत्रणा पाहायला गेले होते, आणि ती जमल्यास घरी आणायच्या हेतूने गेले होते.

त्यांना काय दिसलं नाही, हाही प्रश्न विचारायला हवा. १९२४ मध्ये समाजवादी खासदार माटेओटीला पळवून नेऊन मारलं गेलं. १९२६ मध्ये सगळे विरोधी पक्ष बंद झाले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट नेता ग्राम्शी तुरुंगात गेला. हे सगळं युरोपात शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. आणि त्याहून बोचणारी गोष्ट इटलीच्या ताब्यातल्या लिबियातली. मुंजे बालिल्लाच्या मुलांची कवायत पाहत होते त्या दिवसांत इटालियन सेनानी ग्राझियानीच्या फौजांनी सायरेनाइकातल्या भटक्या जमातींना काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलं होतं, आणि सहाच महिन्यांनी, १६ सप्टेंबर १९३१ ला, सत्तरी गाठलेल्या उमर मुख्तारला फाशी दिलं. त्याचा गुन्हा कोणता, तर परकी सत्तेविरुद्ध हत्यार उचलणं. मुंजे यांच्या देशातल्या तरुणांवर इंग्रज जो खटला चालवत होते, तोच. बालिल्लातून बाहेर पडलेली पोरं चार वर्षांनी इथियोपियावर चाल करून जाणार होती. पारतंत्र्यातला माणूस साम्राज्य चालवणाऱ्यांच्या कवायतीवर भाळला, आणि त्या कवायतीच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखाच कुणी उभा आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मुंजे यांच्या रोमभेटीवरचा सगळ्यात जड आक्षेप हाच आहे. तो घ्यायला ‘फॅसिस्ट’ हा शिक्का मारण्याचीही गरज पडत नाही.

या भेटीवरून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा उगम थेट बालिल्लाशी जोडणाऱ्यांनी मात्र कॅलेंडर पाहावं. संघ १९२५ मध्ये सुरू झाला, मुंजे रोमला गेले सहा वर्षांनी. दंड, संचलन, गणवेश हे तोवर नागपुरात आलेलं होतं, आणि त्यामागे आखाड्यांची परंपरा जितकी, तितकीच इंग्रजी कवायतही होती. मुंजे संघसंस्थापक हेडगेवारांचे वडीलधारे. परत आल्यावर दोघांत मुसोलिनीच्या इटलीबद्दल चर्चा झाल्या, फॅसिझमवरच्या एका परिषदेत दोघेही व्यासपीठावर होते, ही नोंद आहे. त्यातून सहानुभूती आणि कौतुक सिद्ध होतं. जन्मदाखला सिद्ध होत नाही.

रोमहून परतल्यावर दोनच महिन्यांत मुंजे दुसऱ्याच एका टेबलाशी बसले. सरसेनापती फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानात लष्करी कॉलेज काढण्यासाठी समिती नेमली गेली, मुंजे तिचे सदस्य. जुलैत अहवाल आला, ऑक्टोबर १९३२ मध्ये डेहराडूनला चाळीस कॅडेटांची पहिली तुकडी दाखल झाली, तिच्यात सॅम माणेकशा होते. एकाच वर्षात एका माणसाच्या डोळ्यांपुढून मुलांना सैनिक करण्याच्या दोन रीती गेल्या. एका रीतीत मूल आठव्या वर्षी पक्षाचं होतं आणि पक्ष म्हणजेच राष्ट्र असं मानायला शिकतं. दुसरीत अठरा-वीस वर्षांचा तरुण परीक्षा देऊन येतो, त्याची निष्ठा कायद्याने ठरलेल्या पदाला वाहिलेली असते आणि राजकारण त्याच्या बराकीबाहेर राहतं. दुसरी रीत इंग्रजांची, आणि तिच्यातली निष्ठा त्या वेळी इंग्रज बादशहाला वाहायची होती, हा तिचा मोठा दोष. मुंजे यांना दोन्ही हव्या होत्या. शिस्त इटलीची घ्यावी, दार डेहराडूनचं उघडावं, आणि दोहोंमधली शिडी आपण बांधावी, असा त्यांचा बेत होता. शिस्तीला स्वतःचं राजकारण नसतं, ती कुठूनही उचलून कुठेही बसवता येते, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्या सगळ्या योजनेचा पाया तोच, आणि कच्चाही तोच.

शिडी बांधायला त्यांनी नाशिक निवडलं. १९३५ मध्ये इथे ‘सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली, १२ जून १९३७ ला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं. नाव नागपूरच्या भोसल्यांचं, उद्घाटनाला ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे, आवाराचं नाव रामभूमी आणि विद्यार्थ्याला म्हणायचं रामदंडी. घोडेस्वारी पहिल्यापासून शाळेची खूण. नाशिकला लष्कराचं वारं नवं नव्हतं. देवळालीची छावणी १८६० च्या दशकापासून होती, आणि गोऱ्या शिपायांच्या तुकड्या विलायतेच्या जाण्या-येण्यात तिथे मुक्काम टाकत. दुसरी आठवण गुप्त मंडळींची. मित्रमेळा आणि अभिनव भारत इथलेच. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्याही इथेच, आणि ते पिस्तूल लंडनहून चोरून आलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी त्याच गावात बंदूक हाताळायला शिकवणारी शाळा सरकारच्या डोळ्यांदेखत उघडली. चोरट्या पिस्तुलाकडून परवान्याच्या बंदुकीकडे, असा हा मुंजे यांचा मार्ग, आणि त्यात व्यवहारज्ञान होतं हे कबूल करायला हवं.

पण त्या शाळेच्या योजनेची प्रस्तावना वाचली की हात थबकतो. हे शिक्षण माणसांच्या समूहांना ठार करण्याच्या खेळासाठी मुलांना लायक करील, आपले मेलेले-जखमी झालेले कमीत कमी आणि शत्रूचे जास्तीत जास्त अशी जय मिळवण्याची ईर्षा त्यांच्यात उतरवील, अशा अर्थाचं मुंजे यांनी तिथे लिहिलं आहे. लष्करी शिक्षणाचा हेतू लढणं हाच असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, असा बचाव कुणी करील. पण डेहराडूनला चेटवुड यांनी डिसेंबर १९३२ च्या भाषणात अधिकाऱ्यापुढे क्रम ठेवला तो देश, मग हाताखालची माणसं, आणि सगळ्यात शेवटी स्वतः असा. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. एकात कर्तव्याचा क्रम आहे, दुसऱ्यात मुडद्यांचा हिशेब.

आणि शत्रू कोण? संस्थेच्या नावात ‘हिंदू’ आहे, आणि तो शब्द शोभेसाठी घातलेला नव्हता. १९२३ मध्ये मलबारला जाऊन मोपल्यांच्या बंडानंतरची परिस्थिती पाहून आल्यापासून हिंदू समाज लढायचं विसरला आहे, हा मुंजे यांचा ध्यास होता. त्यावर औषध म्हणून त्यांनी कवायत सुचवली. रोग त्यांनी अर्धाच ओळखला होता, असं म्हणायला नाशिकइतका चोख पुरावा दुसरीकडे सापडणार नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात दादासाहेब गायकवाड आणि हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांनी सत्याग्रह सुरू केला. रामनवमीनंतरच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, पुढची पाचेक वर्षं हा झगडा धुमसत राहिला आणि दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. हिंदूंना लढाऊ करायची संस्था नाशिकमध्ये निघाली तीही त्याच वर्षी. रामाच्या देवळात ज्यांना पाऊल टाकू दिलं नाही, त्याच गावात रामाच्या नावाने रामदंडी घडवायचे!

मुंजे यांना ही विसंगती अजिबात कळत नव्हती असं नाही. १९३२ मध्ये अस्पृश्यांचे पुढारी एम. सी. राजा यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त मतदारसंघांचा करार केला, १९३६ च्या जूनमध्ये आंबेडकरांशी बोलून त्यांच्या शीख धर्मात जाण्याला पाठिंबा द्यायची तयारी दाखवली. पण त्या वाटाघाटीतला त्यांचा हिशेब संख्येचा होता. अस्पृश्य मुसलमान किंवा ख्रिस्ती होऊ नयेत, हे पहिलं. ते हिंदू राहून माणूस म्हणून कसे जगतील, हे दुसरं, आणि फार मागचं. राजांनीच ती बोलणी पुढे उघडकीला आणली. ज्या समाजाला लढण्याचा शेकडो वर्षांचा अनुभव होता, ज्याची पलटण इंग्रजांनी मोडली होती, त्याला बरोबर घेतल्याशिवाय हिंदूंचं सैनिकीकरण म्हणजे नुसतं वरच्या थरातल्या मुलांचं वसतिगृह ठरणार, हे उघड होतं. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात, आणि तिच्यामागे आंबेडकरांचा रेटा आणि महायुद्धाची निकड होती. रामभूमीचा त्यात वाटा नव्हता.

१९३७ मध्ये महासभेचं अध्यक्षपद भगूरच्या सावरकरांकडे गेलं. १९३८ च्या ऑक्टोबरात मालेगावच्या सभेत, राष्ट्र बहुसंख्यांचं असतं हे पटवताना, त्यांनी जर्मनीतून हुसकावल्या गेलेल्या ज्यूंचा दाखला दिला. महिनाभरात, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली. तो दाखला पुढे कुठवर जाणार आहे, हे कुणाला दिसणार होतं, असं म्हणता येईल. पण १९३३ पासून ज्यूंच्या नोकऱ्या जात होत्या, १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले होते. दाखला देताना तेवढं पुरेसं होतं.

मग युद्ध आलं, आणि इतिहासाने मुंजे यांच्या पाहणीची परीक्षा घेतली. महासभेने इंग्रजांच्या फौजेत भरती व्हा, हत्यार चालवायला शिका, असा प्रचार चालवला. म्हणजे ज्याच्या बालिल्लावर मुंजे भाळले होते, त्याच मुसोलिनीविरुद्ध लढायला ते तरुणांना पाठवत होते. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन इटालियन फौजांना भिडली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन त्यात होती. इटालियन तिथे जिद्दीने लढले, हे मान्य करायला हवं, तरी केरेन पडलंच. पुढे लढाई खुद्द इटलीत गेली. १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात रायगडकडच्या नाईक यशवंत घाडगे यांनी जवळपास एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच प्राण सोडला. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून पाठीवर वाहून आणलं आणि परत जाऊन मशीनगनची ठाणी उडवली. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही कुणब्यांची पोरं. कुठल्याही पक्षाने आठव्या वर्षी त्यांच्या अंगावर गणवेश चढवला नव्हता.

आणि बालिल्लाचं काय झालं? १९२६ मध्ये आठ वर्षांची असलेली मुलं १९४३ मध्ये ऐन पंचविशीत होती. सतरा वर्षं त्यांनी मुसोलिनीसाठी मरण्याची शपथ घेतली होती. २५ जुलै १९४३ ला राजाने मुसोलिनीला पदावरून काढलं आणि शिपायांनी त्याला रुग्णवाहिकेत बसवून नेलं. त्याच्यासाठी रस्त्यावर कुणी आलं नाही. लोक आले ते त्याचे पुतळे फोडायला. पुढे उत्तरेत जर्मनांच्या आधाराने त्याचं कळसूत्री सरकार उभं राहिलं, काही तरुण त्याकडे गेले. पण त्याच पिढीतले हजारो डोंगरात जाऊन जर्मनांशी आणि फॅसिस्टांशी लढले. कथाकार इतालो काल्व्हिनो शाळकरी वयात फॅसिस्ट गणवेशात होता आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षी बंदूक घेऊन त्या गणवेशाविरुद्ध. मुंजे यांनी १९ मार्चला पाहिलेली रांग देखणी होती, यात शंका नाही. ती कशासाठी उभी आहे याचं उत्तर मुलांना स्वतः शोधू दिलं नव्हतं, म्हणून उत्तर देणारा गेल्यावर रांगही मोडली.

गांधींच्या खुनाने देश हादरलेला असताना, मार्च १९४८ मध्ये, मुंजे नाशिकला वारले. त्यांची शाळा टिकली, वाढली, तिची शाखा नागपुरात निघाली, मुलींसाठीही सैनिकी शाळा सुरू झाली. मात्र ज्या कामासाठी तिची स्थापना झाली ते स्वतंत्र देशाने स्वतःच्या अंगावर घेतलं. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली, १९६१ मध्ये साताऱ्याला पहिलं सैनिक स्कूल निघालं. १९३१ मधल्या दोन रीतींपैकी देशाने चेटवुडची रीत उचलली, तिच्यातला बादशहा काढून टाकला आणि तिथे राज्यघटना बसवली. शाळेच्या गौरवग्रंथात डेहराडूनच्या समितीतले मुंजे ठळक असावेत हे साहजिक आहे. रोममधले मुंजेही तिथे असायला हवेत, डायरीतल्या त्यांच्याच शब्दांत, काटछाट न करता. ती डायरी दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहे आणि गेली पंचवीस वर्षं दोन्ही बाजू तिच्यातली तीच ती दोन-तीन पानं एकमेकांच्या तोंडावर फेकत आहेत.

सैन्यात अधिकारी व्हायचं तर रामभूमीतल्या मुलालाही आज लोकसेवा आयोगाची तीच परीक्षा द्यावी लागते, जी काळारामाच्या दारात बसलेल्यांचे पणतू देतात आणि मालेगावातला मुसलमान मुलगा देतो. मुंजे यांच्या योजनेत विचार केला होता तो मुलग्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये आदेश दिल्यापासून खडकवासल्याची परीक्षा मुलीही देतात, आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी तिथे दाखल झाली.